सूचक

भूदेवीअक्काचा अंगठा मशीनला कळत नाही.
चाळीस वर्षं तेंदूच्या पानावर घासून
रेषा गेल्या.
रेशनला, बँकेत, ती हात पुढं करते
आणि हिरवा दिवा विचारात पडतो.
म्हणून ती सही शिकली,
आधी तेलुगूत, मग मराठीत;
'भू'ची शेपटी जरा जास्तच लांब.

गड्ड्याची जत्रा आठ दिवसांवर होती.
सुपातली कात्री खाली ठेवून मला म्हणाली,
नौशीन, यादीत नाव आलं का गं तुझं?
आलं की. वय एकोणीस.
अब्बाचं नाव तेवढं चुकलंय.
चालतंय. उद्या माझी सूचक तू.

सूचक म्हणजे काय ते मला
मराठीच्या पेपरापुरतं माहीत होतं.

पक्षवाले दोनदा येऊन गेलेले.
वॉर्ड बायकांसाठी सुटलाय, अक्का,
तुम्ही फक्त उभं राहायचं,
बाकीचं तुमचे दीर बघतील.
अक्कानं चहा पाजला त्यांना.
उभी तर मी आहेच की ओ, म्हणाली,
पाचव्या दिवशी, रात्री दोनला, नळापाशी.
दीर तेव्हा झोपलेला असतोय.

घरी अम्मीनं हातातली भाकरी तव्यावरच ठेवली.
पोरीचं नाव असं चौकात कशाला?
अब्बा टॉवेलच्या लूमवर.
जन्मभर त्या खडखडाटावरून ओरडत आलेला माणूस,
त्या रात्री हळू बोलला:
सही नीट कर.

अनामत रक्कम अक्कानं
पंचवीस-पंचवीस नोटांचे कट्टे करून आणली होती,
बिडीच्याच दोऱ्यानं बांधून.
साहेबाला गाठ सुटेना.
अक्कानं कमरेची कात्री काढून दिली
तेव्हा सगळं ऑफिस हसलं,
मग ती हसली,
मग मी 'सूचक' या शब्दापुढच्या रेघेवर
माझं नाव लिहिलं. रेघ लहान पडली.

फ्लेक्सच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
साहेबांचा फोटो?
कुठले साहेब?
म्हणजे मिस्टर, किंवा नेते, कुणीतरी.
वरची जागा मोकळी दिसंल ना मावशी.
अक्का बघत राहिली त्या जागेकडं.
मग म्हणाली, तिथं पाण्याचे वार लिही,
आमच्या लायनीचे. टायमासकट.

लोक तो फ्लेक्स बघायला यायचे,
आज पाणी आहे का ते बघायला.
रोज हिंडलो. घरकुलात, चाळीत, मशिदीमागच्या बोळात.
उंबऱ्यात बायका सूप मांडीवर घेऊन बसलेल्या,
मान वर न करता ऐकायच्या,
बोटं चालूच.
एकीनं विचारलं, निवडून आलीस तर बिड्या कोण वळणार तुझ्या?
अक्काला उत्तर आलं नाही.
रस्ताभर गप्प होती.

हरली.
एकशे त्रेसष्ट मतांनी.
गुलाल दुसऱ्यांच्या गल्लीत उडाला,
वाऱ्यानं थोडा आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आला.
अम्मीनं ते पुन्हा धुतले, कुरकुरत,
पाचव्या दिवसाच्या पाण्यात.

मला वाटलं अक्का झोपून राहील.
रात्री दोनला नळावर आली, घागर घेऊन, वही घेऊन.
कारखान्यात चेकर कसा कट्टा हातात घेतो, म्हणाली,
चार बिड्या छाट काढतो, फेकतो.
घरी येऊन कुणी रडतं का?
एकशे त्रेसष्ट छाट गेली.
बाकीचा माल पास आहे.

मग वहीत काहीतरी लिहिलं. मोजलं बोटांवर.
पुढच्या खेपेला तू चोवीसची.
सूचकाच्या रेघेवर मी असंन.
शेपटी लहान करायची सवय करते तोवर.

पाणी आलं, आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
मागून कुणी तरी ओरडलं, सरक बे.
मी हो म्हटलं नाही.
भरलेली घागर कडेला घेतली
आणि विचारलं, अक्का,
यादीतलं वडिलांचं नाव दुरुस्त करायचा
फॉर्म कुठं मिळतोय?